मिथाइल लागलं की जीन बंद? थांबा जरा

नौपाड्यात बारावीला बायो शिकवते मी, आणि गेली कित्येक वर्षं फळ्यावर तेच वाक्य लिहित आलेय, मिथाइल (डीएनएवर चिकटणारी छोटीशी रासायनिक खूण) लागलं की जीन बंद. मंगळवारी एका मुलाने विचारलं, मॅम, आयजीएफ२ जीनच्या दोन प्रतींपैकी मिथाइल वडिलांकडच्या प्रतीवर असतं ना, मग तीच प्रत चालू कशी? बॅचची वेळ संपली होती, उद्या सांगते म्हटलं आणि रात्री उशिरापर्यंत आकृत्या काढत बसले.

११ व्या क्रोमोसोमवर आयजीएफ२ आणि एच१९ हे दोन जीन शेजारी शेजारी. पोटात बाळाची वाढ होते त्यात आयजीएफ२ चा मोठा वाटा. दोघांना चालवणारे एन्हान्सर, म्हणजे जीनला जोर देणारे डीएनएचे तुकडे, एच१९ च्या पलीकडे, आणि दोघांच्या मधे एक छोटासा पट्टा. आईकडच्या प्रतीत हा पट्टा कोरा, म्हणजे मिथाइल नसलेला असतो म्हणून सीटीसीएफ हे प्रोटीन तिथे येऊन बसतं, आणि एन्हान्सरचा जोर आयजीएफ२ पर्यंत पोचत नाही, सगळा एच१९ लाच मिळतो. मुलांना मी कळव्याचं जुनं, आता बंद झालेलं खारेगाव रेल्वे फाटक सांगितलं, फाटक पडलं की सगळ्या गाड्या अलीकडेच थांबायच्या. वडिलांच्या प्रतीत त्याच पट्ट्यावर मिथाइल, सीटीसीएफला बसताच येत नाही, फाटक उघडं, आयजीएफ२ सुरू. एच१९ तेवढं मिथाइलमुळे गप्प होतं. आयजीएफ२ फक्त वडिलांकडचं चालतं हे उंदरात १९९१ ला कळलेलं, पण हे फाटक सापडायला २००० उजाडलं!

हे बिघडलं की काय होतं तेही सांगितलंच. आईच्या प्रतीवरही मिथाइल चढलं तर दोन्हीकडून आयजीएफ२, बाळ जास्त वाढतं, जीभ मोठी, बेकविथ-वीडमन सिंड्रोमच्या काही मुलांत हेच असतं. उलट वडिलांकडचं मिथाइल गेलं तर बाळ जन्मतःच बारीक, त्याला सिल्व्हर-रसेल सिंड्रोम म्हणतात. आणि बहुतेक वेळा डीएनएचं अक्षर एकही बदललेलं नसतं, त्यामुळे साध्या सिक्वेन्सिंगमध्ये काही दिसत नाही, मिथायलेशनची वेगळी टेस्ट लागते. कितीतरी आईबापांना हे कुणी नीट सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग तोच मुलगा म्हणाला, म्हणजे आईकडून आलेली प्रत मी माझ्या मुलाला दिली तर?

तर ती वडिलांची प्रत. बीजपेशी तयार होताना जुन्या खुणा पुसल्या जातात आणि शुक्राणूत नव्याने वडिलांची खूण लागते, मग ती प्रत मुळात आजीकडून आलेली का असेना. वर्ग एकदम शांत झाला. घरी आल्यावर मी जुन्या बॅचच्या ग्रुपवरही आकृती टाकली, त्यांना ते वाक्य मीच अर्धवट शिकवलंय.