मिडसाइज की फुल-साइज: पिकअप घेण्यापूर्वीचा हिशेब

टेक्सासमध्ये राहून पिकअप (मागे सामानाचा उघडा हौदा असलेली गाडी) घ्यायची म्हटले की शेजारीपाजारी गृहीतच धरतात की ती फुल-साइज, म्हणजे मोठ्या आकाराची, असणार. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारी पिकअप आहे आणि डॅलसच्या कुठल्याही उपनगरातील रस्त्यावर पाच मिनिटे उभे राहिले तरी त्याची खात्री पटते. आमच्या घरात मात्र मिडसाइज, म्हणजे मध्यम आकाराची टोयोटा टॅकोमा की फोर्डच्या त्याच मालिकेतील फुल-साइज एफ-१५० हा वाद बराच काळ चालला.

जाहिराती टोइंगच्या, म्हणजे गाडी मागे किती वजन ओढते याच्या, आकड्यांवर चालतात. टॅकोमा कमाल ६,५०० पौंड ओढते, तर योग्य इंजिन आणि पॅकेज घेतल्यास एफ-१५० तब्बल १३,५०० पौंड. हे आकडे खोटे नाहीत, परंतु कुटुंबासाठी गाडी घेणाऱ्याने त्यांच्यापेक्षा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पिवळी-पांढरी पट्टी आधी वाचावी, असे माझे ठाम मत आहे. माणसे आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल, म्हणजेच पेलोड, हे त्या पट्टीवर त्या विशिष्ट गाडीपुरते छापलेले असते. सनरूफ, मोठी चाके, चामड्याची आसने अशा चैनी वाढत गेल्या की तो आकडा घटतो, त्यामुळे विक्रेत्याच्या आवारात शेजारी उभ्या असलेल्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांवर निरनिराळे आकडे दिसतात.

आमचा विचार साधारण ५,००० पौंडांचा कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे जोडायचे चाकांवरचे छोटे घर) ओढण्याचा होता. कागदावर टॅकोमाला तो सहज झेपतो. पण अशा ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवण्याच्या मागच्या जोडणीवर येतो, म्हणजे ५०० ते ७५० पौंड, आणि तो पेलोडमध्येच धरावा लागतो. चौघांचे वजन ६०० पौंड धरले तर बेरीज ११०० ते १३५० वर जाते. त्यात हिच, बर्फाची पेटी, तंबू आणि (आमच्याकडे हे टळत नाही) प्रवासातील खाण्याचे डबे अजून धरलेलेच नाहीत. मिडसाइजच्या पट्टीवरील पेलोडची मर्यादा बहुधा इथेच संपते. ट्रेलर ओढायचाच नसेल, तर हा सगळा मुद्दा गळून पडतो आणि मिडसाइज पुरेशी ठरते.

हौद्याचा फरक लांबीपेक्षा रुंदीत जाणवतो. चार फूट रुंद प्लायवूड एफ-१५० च्या हौद्यात चाकांवरील फुगवट्यांच्या मधे सपाट बसते. टॅकोमात ते फुगवट्यांवर तिरके टेकवावे लागते. अर्थात, वर्षातून एखाद्या वेळी लागणाऱ्या प्लायवूडसाठी मोठी गाडी घेण्यात अर्थ नाही, कारण होम डेपो ही घरदुरुस्तीच्या सामानाची दुकानसाखळी तासांच्या हिशेबाने ट्रक भाड्याने देते.

पेट्रोलचा मुद्दा मला वाटला होता त्यापेक्षा किरकोळ निघाला, कारण लहान टर्बो इंजिनाची एफ-१५० आणि टॅकोमा यांच्यात गॅलनमागे दोन-तीन मैलांहून जास्त अंतर पडत नाही.

खरी गैरसोय लांबीची आहे. चार दारांची आणि साडेपाच फुटी हौद्याची एफ-१५० सुमारे १९ फूट ४ इंच भरते, तर पाच फुटी हौद्याची टॅकोमा १७ फूट ९ इंच. आमचे गॅरेज २० फुटांचे असून मागच्या भिंतीशी पाणी तापवण्याची टाकी आहे. म्हणजे मोठी गाडी घेतली तर ती ड्राइव्हवेवर राहणार आणि वसंत ऋतूत गारपिटीची चिंता कायमची मागे लागणार. डाउनटाउनमधील बहुमजली पार्किंगमध्ये तिला वळवण्याचा ताप वेगळाच.

तरीही आम्ही फुल-साइजकडे झुकलो, त्याचे एक कारण ट्रेलरचा वरील हिशेब आणि दुसरे मागची सीट. एफ-१५० मध्ये मागे पायांसाठी ४३.६ इंच जागा आहे, टॅकोमाच्या चार दारांच्या गाडीत ३३.७ इंच. आई-बाबा पुण्याहून येतात तेव्हा महिनोन्‌महिने राहतात आणि गुडघे दुमडून तासन्‌तास बसणे त्यांना आता जमत नाही. उंच गाडीत चढणे त्यांना अवघड जाते हेही खरे, त्यामुळे बाजूच्या पायऱ्या आणि आतील पकडायचे दांडे असल्याशिवाय गाडी घ्यायची नाही, एवढी अट मी घातली आहे. आता शोध सुरू आहे तो कमी चैनीच्या, म्हणजेच पट्टीवर मोठा आकडा असलेल्या गाडीचा, आणि विक्रेते नेमकी तीच आवारात कमी ठेवतात.