स्टॅम्पवरच्या सहीने दुसरं लग्न कायदेशीर होत नाही

मूल होत नाही किंवा सगळ्या मुलीच झाल्या, की काही घरांत बायकोपुढे एक कागद येतो. ‘पतीने दुसरे लग्न करण्यास माझी हरकत नाही.’ खाली तिची सही किंवा अंगठा. नोटरीचा शिक्का पाहून माहेरचेही गप्प बसतात. या कागदाची किंमत शून्य आहे. हिंदू विवाह कायद्याने (१९५५) पहिली बायको हयात असताना, घटस्फोट न होता केलेलं दुसरं लग्न रद्दच ठरतं, तिची संमती असो वा नसो.

याच घरांत विडी कारखान्यात माल द्यायला गेलेल्या बाईला यायला उशीर झाला, तर नवऱ्याचा हात उठतो. संशय आला असेल, असं म्हणून शेजारपाजार ते पचवून टाकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याने मारणं कोणत्या कारणांसाठी योग्य वाटतं, असं विचारतात. त्या सात कारणांत बायकोवरचा संशयही आहे. एकनिष्ठेची सक्ती एकीवरच आणि तीही माराच्या धाकाने, हे आम्हाला अजिबात मान्य नाही.

दुसऱ्या लग्नाची केस मात्र अवघड जाते. भाऊराव लोखंडे खटल्यात (१९६५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी सिद्ध व्हायला हवेत. देवळात नुसते हार घातले, की नवरा इथेच सुटतो. म्हणून पत्रिका, विधींचे फोटो, भटजी आणि हजर असलेली माणसं यांची माहिती आधी गोळा करा.

पण मारहाण होत असेल तर त्या केससाठी थांबू नका. २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. मार बसला त्याच दिवशी सिव्हिलला जा आणि डॉक्टरांना ‘नवऱ्याने मारलं’ असंच सांगा. भीतीपोटी ‘पाय घसरला’ सांगितलं, तर तेच केसपेपरवर चढतं आणि पुढे समोरचा वकील तेच वाचून दाखवतो. या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घटना अहवाल भरताना ‘नेहमी मारतो’ एवढ्यावर भागवू नका. तारीख, कशाने मारलं, कुणी पाहिलं, सगळं लिहा.

याच कायद्याच्या कलम १२ खाली मॅजिस्ट्रेटकडे करायच्या अर्जात संरक्षण, राहण्याचा हक्क आणि खर्च एकदमच मागा. घर नवऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेशही त्याच वेळी मागायचा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे बाईला उत्पन्नाची अट नाही.

पहिलं लग्न लपवून फसवलेल्या दुसरीलाही पोटगी मागता येते. २०१३ च्या बादशाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली.

आदेशाची प्रत पोलीस ठाण्यात पोचली का, हे स्वतः जाऊन बघा. प्रत मोफत असते. संरक्षणाचा आदेश मोडणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.