तुम्ही विचारलंत म्हणून: रुळाखालच्या मातीत एवढं काय शोधायचं असतं?

"रेल्वे लाईन तर इंग्रजांच्या काळापासून आहे, मग आता त्यात पीएचडी कशाची करतेस?" हा प्रश्न मला लग्नकार्यात हमखास येतो, आणि सिव्हिलवाले मित्रसुद्धा विचारतात. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, वरून बघितलं तर रूळ, स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) आणि खडी एवढंच दिसतं ना. तर एकदा नीट लिहिते.

मुंबईकडून येणारी लाईन 1860 मध्ये आपल्या सोलापूरला पोचली. रूळ तेव्हाचे नाहीत, स्लीपर लाकडाचे जाऊन काँक्रीटचे आले, इंजिनं कितीदा बदलली. पण जमीन तीच आहे, आणि आपल्याकडची जमीन म्हणजे काळी माती. बेसाल्ट झिजून झालेली, आत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज, त्याच्या पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरलं की माती फुगते, उन्हाळ्यात सुकली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मंगळवेढ्याची ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते ती ह्याच मातीच्या जोरावर, शेतकऱ्याला जे वरदान तेच ट्रॅकवाल्याला त्रास.

लॅबमध्ये ह्याची एक साधी टेस्ट असते. चाळलेली सुकी माती 10 ग्रॅम एका मोजपात्रात पाण्यात टाकायची, तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये, आणि 24 तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधली 10 मिलीवर बसली आणि पाण्यातली 20 वर, तर फुगवटा 100 टक्के. आता ही माती भरावाखाली आहे आणि वरून मालगाडी जातेय, एकेका अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या एकेका जोडीवर, 20 टनांच्या वर वजन, असं डोळ्यासमोर आणा.

खडीचं काम काय, तर स्लीपरवरचा भार पसरवत खाली न्यायचा, स्लीपर जागेवर धरायचा आणि पाणी निघून जाऊ द्यायचं. म्हणून ती साधारण 20 ते 65 मिमीची, टोकदार, एकमेकांत अडकणारी लागते. पण गाड्यांच्या दणक्यानं तिची टोकं तुटतात, भुगा होतो, खालून ओली माती वर येते, फटी बुजतात आणि पाणी आतच अडकतं. ट्रॅक बसला, म्हणजे खचला, की काय करतात, खडी टाकून टॅम्पिंग मशीननं (स्लीपरखाली खडी ठासणाऱ्या मशीननं) लेव्हल वर उचलतात. त्यावेळी लाईन एकदम सरळ होते. पण खालची माती मऊ असेल तर खडी तिच्यात रुतत जाते, खाली खड्डा तयार होतो, पाणी नेमकं त्याच खड्ड्यात साचतं, माती अजून मऊ होते, पुन्हा खडी टाकली की खड्डा अजून खोल. म्हणजे वरून जे दुरुस्त दिसतंय ते खालून बिघडतच चाललेलं असतं. माझं सगळं काम ह्या एका गोष्टीभोवती आहे, आणि मला मनापासून वाटतं की खडीच्या खाली बघायला आपण फार कमी पैसा आणि वेळ देतो. कुठल्या जागी दर पावसाळ्यानंतर लाईन बसते हे तिथला ट्रॅकमन चालता चालता सांगतो, पण का बसते हे कळायला खालची माती तपासावीच लागते.

जगात ह्यावर मोठं काम झालंय. अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीचे टॅलबॉट 1914 पासून रुळातले ताण मोजत होते, ऑस्ट्रेलियात वोलोंगोंग युनिव्हर्सिटीत खडीवर वर्षानुवर्षं प्रयोग झाले, आपल्याकडे आयआयटी खरगपूरला रेल्वे संशोधनाचं केंद्र आहे. मग तिकडचं उचलून इथे लावायचं की, असंही मला म्हणतात. काही लागू पडतं, काही नाही. रडारनं न खोदता खडीखालचं बघायची पद्धत तिकडे छान चालते, पण ओल्या चिकणमातीत रडारच्या लाटा लवकर विरतात, आणि आपल्याकडे तर नेमकी तीच माती. उलट आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकटपणा असलेल्या मुरमाड मातीचा थर द्यायची पद्धत काढली, कर्नाटकात मलप्रभा नदीच्या कालव्यावर ती वापरली गेली. इथल्या मातीचं उत्तर इथेच, तिच्यात हात घालून सापडलं. मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं. आज चुना आणि फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) मिसळून माती सुधारायचे प्रयोग होतात, आणि राख तर आपल्या दारातच आहे, सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचा कोळशावरचा वीज प्लांट आहे. पण राख-चुन्याचा थर गाड्यांच्या लाखो दणक्यांनंतर, ओलं-सुकं होत होत किती टिकतो, हे खरं तपासायला हवं.

अडचण कुठे येते सांगू का. नेहमीच्या लॅबमधलं ट्रायअ‍ॅक्सियल मशीन (नमुना सगळीकडून दाबून त्याची ताकद तपासणारं) 38 मिमी व्यासाच्या मातीच्या नमुन्यासाठी असतं. खडी टेस्ट करायची तर नमुना सगळ्यात मोठ्या दगडाच्या निदान सहापट रुंद लागतो, म्हणजे 400 मिमीच्या आसपास, आणि तेवढं मशीन बहुतेक कॉलेजांकडे नाही. त्याहून मोठी अडचण वेळेची. काळ्या मातीचा स्वभाव कळायला एक उन्हाळा आणि एक पावसाळा तरी सलग रीडिंग लागतात, आणि एम.टेक.च्या मुलाला साइट मिळेपर्यंत वर्ष संपत आलेलं असतं, मग तो लॅबमधल्या चार टेस्ट करून रिपोर्ट बांधतो. त्यात मुलाचा काय दोष. भरावाचा एकच तुकडा ठरवून, ओलावा मोजणारे सेन्सर एकदाच पुरून, दर वर्षीच्या बॅचनं मागच्या बॅचची रीडिंग पुढे न्यावीत असं मला वाटतं, आणि त्यासाठी कॉलेज आणि रेल्वे ह्यांच्यात पाच-सात वर्षांचा करार लागेल, एका प्रोजेक्टच्या परवानगीनं ते होणार नाही.