रांगली नाही, डायरेक्ट सरकायलाच लागली

पोरगी चौदा महिन्यांची झाली आणि अजून चालत नाही. म्हणजे सोफ्याला धरून उभी राहते, धरून धरून या टोकाहून त्या टोकाला जाते, पण हात सोडला की मॅडम पटकन खाली बसतात आणि ढुंगणावर सरकत सरकत हव्या त्या ठिकाणी पोचतात, स्पीड असा की आपण दार लावेपर्यंत ही बाहेर. रांगली तर कधीच नाही. आज परत एकीने फोनवर विचारलं, "अजून नाही का चालत? आमचा तर दहाव्या महिन्यात पळत होता." मी "हो का" म्हटलं आणि विषय बदलला. पण डोक्यात राहतंच ना, म्हणून लिहून काढतेय.

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली निरोगी मुलं बघून २००६ मध्ये आकडे छापले होते, कोणतं मूल काय कधी करतं याचे. त्यात आधाराशिवाय चालण्याचं वय आहे ८.२ महिने ते १७.६ महिने. नऊ महिन्यांपेक्षा जास्त फरक, आणि दोन्ही टोकांची मुलं नॉर्मलच! सरासरी बाराव्या महिन्याच्या आसपास येते म्हणून सगळे पहिल्या वाढदिवसाला चालायलाच पाहिजे असं धरून बसतात, पण सरासरी म्हटलं की बरीच पोरं तिच्या पुढे जाणारच की. आणि त्याच अभ्यासात साधारण १०० तली ४ मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, कोणी पोटावर सरपटलं, कोणी आमच्या बाईसारखं बसून सरकलं, आणि पुढे चालायला लागली. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तर २०२२ मध्ये त्यांच्या बाळाच्या वाढीच्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. अजून एक केलं त्यांनी, आधी निम्मी मुलं जे करतात ते वय लिहायचे, आता ७५ टक्के किंवा जास्त मुलं करतात ते वय लिहितात. मला हे फार शहाणपणाचं वाटलं, कारण आधीच्या हिशोबाने निम्म्या आयांनी उगाच रडत बसायचं.

तरी मला खरं कौतुक वेगळ्याच गोष्टीचं आहे, वाढणं म्हणजे काही गोष्टी सोडून देणं पण असतं हे कोणी सांगतच नाही. जन्मल्यावर जरा खाली ठेवायला गेलं की दोन्ही हात फाकवून दचकायची, तळहातावर बोट ठेवलं की घट्ट मूठ. मला वाटायचं किती प्रेमाने बोट धरलंय. ते आपोआप होणारं असतं, आणि पहिल्या सहा महिन्यांत जायलाच हवं. नाही गेलं तर डॉक्टर काळजीत पडतात. मूठ आपोआप मिटायची थांबते तेव्हाच कुठे बाळ स्वतःला हवं तेव्हा वस्तू धरायला आणि सोडायला शिकतं. आता तीच बोटं फरशीवरचा मला न दिसणारा कण चिमटीत उचलतात आणि थेट तोंडात.

कानाचं पण तसंच. वर्कर आणि टीस या दोघा संशोधकांनी १९८४ मध्ये छापलेला प्रयोग आहे, त्यात इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतला दातांवरचा 'त' आणि जीभ वळवून म्हटलेला 'ट' ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बऱ्याचशा बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्यांना जवळजवळ नाहीच. बहिरी झाली का? नाही हो, घरात जे ऐकू येतं त्यावर कान बसत गेला आणि न लागणारं मागे पडलं. म्हणून मी तिच्याशी दिवसभर वटवट करते, समोरून नुसतं 'बाबाबा, ददद' आलं तरी. टीव्ही लावून ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण मी थांबले की ती बोलते आणि ती थांबली की मी, ही आळीपाळी टीव्हीला कुठे येते.

आठव्या-नवव्या महिन्यात अचानक चिकट झाली होती, मी बाथरूममध्ये गेले तरी भोकाड. सगळे म्हणाले अंगावरची सवय लागली, लाडावलीये. पण त्याच दिवसांत फडक्याखाली लपवलेलं खेळणं फडकं ओढून काढायला लागली होती. आधी डोळ्याआड गेलं की विषय संपला. आता वस्तू दिसत नसली तरी कुठेतरी आहे हे कळतं, मग आई पण कुठेतरी आहे आणि इथे नाहीये, हेही कळणारच! रडणार नाही तर काय. हुशारीची पावती आहे ती, फक्त कानठळ्या बसवणारी.

वजनाचं थोडक्यात. पहिल्या वर्षात जन्मवजनाच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, भूकही कमी होते. तेव्हा "सुकली गं" म्हणणाऱ्यांकडे लक्ष द्यायचं नाही, वाढीच्या चार्टवरची रेघ तिच्या तिच्या वाटेने चाललीये ना एवढं बघायचं.

अर्थात सगळ्यालाच "होईल हो" म्हणून सोडायचं नाही. येत असलेलं काही बंद झालं, म्हणजे शब्द बोलायची आणि बोलेनाशी झाली, तर लगेच दाखवायचं. वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल तर "डावखुरी होणार बहुतेक" म्हणून खूश व्हायचं नाही, दुसऱ्या हाताला काही झालंय का ते तपासून घ्यायचं. आणि बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर वय धरायचं ते ड्यू डेटपासून, जन्मतारखेपासून नाही, हे दोन वर्षांपर्यंत तरी.

आमच्या डॉक्टरांनी मागच्या वेळी खुबे, पाय, अंगातली ताकद सगळं बघितलं. म्हणाल्या, बसून सरकणारी मुलं बऱ्याचदा चालायला उशीर करतात, १८ महिन्यांपर्यंत थांबू, नाहीच चालली तर परत बघू. तोपर्यंत घरात अनवाणी सोडायची आणि पडू द्यायचं. न्यूयॉर्कमधल्या एका टीमने २०१२ मध्ये नुकती चालायला लागलेली मुलं मोजली होती, तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! एवढं पडूनही उठतात, मग मी कशाला धावत जाऊ.

मावशी त्यांच्याकडचा जुना वॉकर पाठवते म्हणालीये. चालायला लवकर येतं असा तिचा समज आहे, तसं काही होत नाही, उलट जिन्यावरून घरंगळण्याची भीती, कॅनडात तर २००४ पासून विक्रीवरच बंदी आहे. उद्या फोन करून नको सांगते. मागून ढकलायची गाडी असली तर ती मात्र चालेल म्हणावं.