धारणीचे वर्कस्टेशन : उबुंटू २०.०४ वरून २४.०४ पर्यंत

दिवाळीनंतरच्या आठवड्यात अमरावतीहून धारणीला गेलो तो केवळ एका वर्कस्टेशनसाठी. तेथील एका पाणलोट संस्थेचे गावनकाशे, शेततळ्यांच्या आणि नालाबांधांच्या नोंदी याच यंत्रावर असतात. त्यावरील उबुंटू २०.०४ या ऑपरेटिंग सिस्टीमचा पाच वर्षांचा नियमित आधार, म्हणजे मिळणारी सुरक्षा अपडेट, मे २०२५ मध्ये संपला होता. या आवृत्तीवरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, मधे २२.०४ चा मुक्काम करावाच लागतो, म्हणून दोन दिवस हाताशी ठेवले होते.

परतवाड्यापर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर सपाटीचे आहेत; पुढे घटांग, सेमाडोह, हरिसाल असा मेळघाटातला रस्ता लागतो आणि वाटेत बराच वेळ मोबाइलला रेंज मिळत नाही. २४.०४ ची प्रतिमा (इन्स्टॉल करण्याची फाइल) भरलेला ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्डडिस्क अमरावतीतूनच घेऊन निघावे, कारण अपग्रेड अर्धवट फसले तर तो पेनड्राइव्हच उपयोगी पडतो.

पोहोचल्यावर पहिला अर्धा दिवस फक्त बॅकअपला दिला. फोल्डरांची नक्कल पुरेशी नसते. नकाशांचा डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असल्याने पीजी-डंप या त्याच्याच साधनाने वेगळी प्रत काढली आणि ती खरोखर वाचता येते का, हे माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिले. त्यानंतर प्रलंबित अपडेट पूर्ण करून यंत्र रीस्टार्ट केले.

वेळापत्रक मात्र मी ठरवलेच नाही, ते कार्यालयातील मदतनीस काकांनी ठरवले. “सकाळी सहा ते दहा लाइन सहसा जात नाही साहेब, त्याआधी काही खरं नाही,” असे ते म्हणाले. त्यांचे ऐकून पहिल्या टप्प्याचे डाउनलोड रात्री फोनच्या हॉटस्पॉटवर लावले. मध्यरात्री लाइन गेली आणि इन्व्हर्टरही थकला, पण डाउनलोडच्या टप्प्यात हे निरुपद्रवी असते, पुन्हा सुरू केल्यावर आधी उतरलेली पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) परत उतरवावी लागत नाहीत. प्रत्यक्ष बसवणे सुरू झाले की मात्र वीज जाता कामा नये, म्हणून ते सकाळसाठी राखून ठेवले. तिथेही वीज गेलीच, तर यंत्र सुरू करून आधी ‘डीपीकेजी कॉन्फिगर ए’ (dpkg --configure -a) ही आज्ञा द्यावी आणि मग तुटलेली पॅकेजेस दुरुस्त करावीत.

अपग्रेड बाहेरचे सॉफ्टवेअर-स्रोत बंद करते. नकाशे पाहण्याच्या क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरचा स्रोत नव्या आवृत्तीच्या नावाने पुन्हा जोडावा लागला. संरचना फायलींबाबत (सॉफ्टवेअरच्या सेटिंगच्या फायली) प्रश्न आला, तेव्हा ज्या आम्ही स्वतः बदलल्या होत्या तेवढ्या जुन्याच ठेवल्या. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती ३.८ वरून ३.१० आणि पुढे ३.१२ होत असल्याने जुनी आभासी वातावरणे (प्रत्येक कामासाठी वेगळी ठेवलेली पायथनची मांडणी) मोडतात; ती दुरुस्त करण्यात वेळ न घालवता नव्याने तयार करणे सोपे पडते.

सर्वाधिक गोंधळ पोस्टग्रेसने घातला. दोन्ही टप्पे संपल्यावर आवृत्ती १२, १४ आणि १६ असे डेटाबेसचे तीन संच शेजारी शेजारी उभे होते, त्यांचे पोर्ट (जोडणीचे क्रमांक) अनुक्रमे ५४३२, ५४३३ आणि ५४३४. क्यूजीआयएस जुन्याच पोर्टकडे पाहत होते. शेवटी ‘अनावश्यक पॅकेजेस काढायची का’ हा प्रश्न येतो, त्याला दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणालो. होकार दिला असता, तर डेटा तपासण्याआधीच जुना सर्व्हर गेला असता. नंतर १६ साठीचे पोस्टजीआयएस, म्हणजे पोस्टग्रेसला नकाशांचा डेटा हाताळता येण्यासाठीची जोड, बसवले, काढून ठेवलेली प्रत त्यात भरली आणि क्यूजीआयएसमधील पोर्ट बदलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरिसालकडच्या एका गावाचा नकाशा उघडला, तेव्हा मराठीत नोंदवलेली नाल्यांची नावे जशीच्या तशी दिसली. जुना १२ चा संच महिनाभर तसाच ठेवण्यास सांगून संध्याकाळच्या एसटीने परतलो.