दिवाळीचं लुगडं

तुझ्या लहानपणी साताऱ्यात नगरपालिका काय करायची, असं आजीला विचारलं की गाडी आधी प्लेगवर यायची. तिचा जन्म 1918 च्या मानमोडीनंतरचा, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीनंतरचा. वाड्यात उंदीर पडायला लागले की दवंडीची वाट कोण बघतंय! दाणे, जातं, भांडी बैलगाडीत घालायची, माळावर झोपड्या ठोकायच्या आणि साथ ओसरेपर्यंत तिथंच मुक्काम. पोरांची चंगळच.

मी आरोग्य निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, म्हणून ठासून सांगते, ही पळापळ अडाणीपणाची नव्हती. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू माणसाकडे वळते. मुंबईत 1905 पासून प्लेग कमिशनने केलेल्या प्रयोगांतून हे पक्कं झालं. तेव्हा उंदीर पडलेलं घर सोडणं हाच शहाणपणा. हाफकिनची प्लेगवरची लस 1897 पासून होती, पण टोचली की ताप यायचा, दंड सुजायचा. टोचणारे आले की पणजी कणगीमागे लपायची म्हणे.

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या दिवसांत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकायचे. पाणी गुलाबी व्हायचं. ते देवपूजेला चालेल का, हे पणजोबा भटजींना विचारून आले होते! (चाललं.) देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला येणाऱ्या माणसाची टोपी, त्याची पेटी, सगळं आजीच्या डोळ्यांपुढे होतं.

"आणि संडास?"

"टोपलीचे. मागच्या बोळातून बाई यायची."

"नाव काय तिचं?"

"नाव कुठलं? बाई यायची, बास."

टोपीवाला साथीपुरता यायचा, ही बाई रोज. आजीच्या आठवणीत मात्र तोच नीट बसला होता. 1901 च्या जिल्हा नगरपालिका कायद्यात खासगी संडास साफ करण्यासाठी घरमालकांवर वेगळी पट्टी बसवायची सोय होती. पैशांचा हिशेब असा चोख. पण गाव स्वच्छ ठेवणाऱ्यांना गावाचं पाणी? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तसा ठराव केला, आणि 1927 च्या सत्याग्रहानंतर त्याच वर्षी तो मागेही घेतला. त्या काळच्या आरोग्यखात्याचं कौतुक करताना आपण लस आणि औषधांपाशी थांबतो, ते मला पटत नाही. मैला रोज उचलला गेला नसता तर परमँगनेट किती विहिरींना पुरलं असतं?

मैला डोक्यावरून वाहणाऱ्यांच्या हालांची चौकशी करायला मुंबई सरकारने बर्वे समिती नेमली ती 1949 मध्ये. कोरड्या संडासांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा तर 1993 चा, तोवर मी नोकरीत मुरले होते.

हे सगळं मी आजीला ऐकवलं तेव्हा तिला राग आला. "आम्ही काही वाईट नव्हतो हो," ती म्हणाली. "दिवाळीला लुगडं द्यायचो तिला. माडीवरून टाकायचो."