रबाळ्याच्या शेडमधले अँकर

गेल्या शनिवारी दादाने रबाळ्याहून व्हिडिओ कॉल केला, नव्या शेडमध्ये अंथरलेली सळयांची जाळी दाखवली आणि विचारले, "अँकर आत्ताच बसवू, की कोबा झाल्यावर भोके पाडून बोल्ट मारू?" अपघातातल्या गाड्यांचे चेसिस ओढून सरळ करणे हा आमचा दोन पिढ्यांचा धंदा आहे. ओढताना साखळी अडकवायला जमिनीत पक्का बसवलेला डबा किंवा बोल्ट म्हणजे अँकर. बाबांचे गॅरेज वागळे इस्टेटमध्ये आहे आणि मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ तेच काम पगारावर करतो. "आत्ताच बसव," एवढेच मी त्याला सांगितले. त्यामागचे कारण मला इथे आल्यावर कळले, हे लिहिताना थोडे जड जाते.

गेल्या वर्षी इथल्या वर्कशॉपची जमीन नव्याने ओतली गेली. काँकरीटची गाडी दारात उभी असताना मुकादमाने काम थांबवले, कारण एका अँकरच्या डब्याचे पाय खालच्या जाळीखाली अडकवलेले नव्हते. त्याने गुडघ्यावर बसून ते स्वतः बांधले, प्रत्येक डब्याशेजारी मोजायची टेप धरून फोटो काढले आणि मगच ओतायला परवानगी दिली. तेव्हा मी मनातून चिडलो होतो. संध्याकाळी त्याने मला कागदावर हिशोब दाखवला. दहा टनांच्या जॅकने साखळी पंचेचाळीस अंशांत ओढली, तर अँकरला वर उपटणारा जोर सुमारे सात टन असतो. एक घनमीटर काँकरीटचे वजन साधारण अडीच टन धरले, तर नुसत्या वजनाने हा जोर पेलायला २०० मिलिमीटर जाडीची सुमारे १४ चौरस मीटर जमीन एकत्र धरून राहावी लागते, आणि ती जाळीमुळेच धरून राहते.

तो कागद पाहताना मला मी दहावीत असतानाचा एक दिवस आठवला. बाबांच्या गॅरेजमध्ये जीप ओढताना जमिनीतला बोल्ट सुटला आणि साखळी शटरवर जाऊन आदळली. सुदैवाने कोणाला लागले नाही. बोल्ट सरळच होता, त्याच्या आट्याही शाबूत होत्या, मात्र त्याच्याभोवती नरसाळ्याच्या आकाराचा, ताटाएवढ्या तोंडाचा काँकरीटचा तुकडा निघून आला होता. आम्ही दोष बोल्टला दिला आणि अधिक जाड बोल्ट आणला. खरी चूक खोलीची होती, कारण बोल्ट जितका उथळ, तितके हे नरसाळे लहान आणि तितक्याच कमी जोरात उपटणारे. बाबांना हे सांगणारे तेव्हा कोणी नव्हते, आणि उथळ बोल्टांवरही त्यांनी शेकडो गाड्या निगुतीने सरळ केल्या, हेही इथे नमूद केले पाहिजे.

शिवाय हे ज्ञान केवळ इथल्यांचेच आहे, असे कोणी समजू नये. इथल्या नकाशावर काँकरीटची प्रत सी २५/३० अशी लिहितात, ती म्हणजे साधारणपणे आपले एम ३०, कारण त्यातला दुसरा आकडा आपल्यासारखाच काँकरीटचा घन दाबून केलेल्या चाचणीचा असतो. काँकरीटची ताकद ओतल्यापासून अठ्ठावीस दिवसांनी धरायची, हा हिशोब काँकरीटसाठीच्या आपल्या आयएस ४५६ या भारतीय मानकातही आहे. इथे ओतल्यानंतर प्लास्टिक अंथरून सगळे निघून गेले. आपला मिस्त्री आळी बांधून पाणी साठवतो आणि सकाळ-संध्याकाळ पाहून जातो. त्याची पद्धत मला आजही अधिक चांगली वाटते.

दादाने पंधरा दिवसांनी एका गिऱ्हाइकाची गाडी घ्यायचे कबूल केले आहे. गाडी खुशाल घ्यावी, पण अठ्ठावीस दिवसांपर्यंत अँकरला साखळी लावू नये, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. "तुला तिथे बसून सांगायला सोपे आहे," असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नाही, कारण शेडच्या कर्जाचे हप्ते तोच भरतो.

आज सकाळी त्याचे फोटो आले. डब्यांत काँकरीट शिरू नये म्हणून थर्माकोल भरून वर चिकटटेप लावली आहे, डब्यांचे काठ दोरीच्या लेव्हलला आहेत आणि प्रत्येकाशेजारी मोजायची टेप धरलेली आहे. डावीकडून तिसऱ्या डब्याचा एक पाय जाळीच्या वर राहिला आहे. त्याभोवती लाल गोल काढून मी तो फोटो परत पाठवला आहे.